मोकळा बाजार आणि बांधलेला बागायतदार : वाशीतलं एक प्रकरण

रत्नागिरी तालुक्यातल्या एका हापूस बागायतदाराने एका हंगामात आपला निम्म्याच्या आसपास आंबा वाशी मार्केटला न पाठवता ठाण्यात थेट गिऱ्हाइकाला विकला. कायद्याची त्याला पूर्ण मुभा होती. भाव चांगला मिळाला, पैसे हातोहात मिळाले. तरी पुढच्या वर्षी बहुतेक सगळा माल पुन्हा वाशीच्या त्याच जुन्या गाळ्यावर उतरला.

बाजाराच्या नियमनाचा अभ्यास हे माझं काम आहे. राहते नेरुळला. त्यामुळे देशातल्या मोठ्या घाऊक बाजारांपैकी एक माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. हंगामात मी पहाटे फळबाजारात जाऊन बसते, पट्ट्या (म्हणजे बागायतदाराला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) गोळा करते आणि दुपारी त्यांचे आकडे संगणकावर चढवते. या बागायतदाराचं प्रकरण मी सविस्तर मांडतेय ते एवढ्यासाठी, की फळबाजारावरचं बंधन २०१६ मध्ये कागदावर सुटलं, पण बागेत ते का सुटलं नाही, हे यात स्वच्छ दिसतं. बागायतदार आणि आडते, म्हणजे गाळ्यावर त्याचा माल विकून देणारे दलाल, दोघांनीही वह्या उघडून दाखवल्या. नाव-गाव, गाळा नंबर अर्थातच गाळले आहेत. खाली जिथे आकडेमोड केली आहे, तिथे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. त्यांच्या वह्यांतले आकडे मी कुठेही छापलेले नाहीत.

कायदा कुठून आला

थोडं मागे जाते, कारण बाजार समिती म्हटलं की आज सगळे नाक मुरडतात आणि ती कशासाठी जन्मली हे विसरतात. वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी १८९७ मध्येच कायदा झाला होता. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने नियमित बाजारांची शिफारस केली. पुण्याच्या गोखले संस्थेतून धनंजयराव गाडगीळांनी १९३३ मध्ये पुण्यातल्या फळविक्रीची पाहणी प्रसिद्ध केली. अर्थशास्त्रज्ञाने बाजारात उतरून फळाच्या टोपलीचा हिशेब मांडायचा, ही परंपरा आपल्याकडे तेवढी जुनी आहे, आणि मला तिचा अभिमान वाटतो. वजनात मारणं, मनाला येईल ती कटौती लावणं, पैसे महिनोन्महिने थकवणं हे शेतकऱ्याचं रोजचं दुखणं होतं. त्यावर उपाय म्हणून महाराष्ट्रात १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा आला. माल समितीच्या आवारातच विकायचा, आडत्याकडे परवाना हवा, सौदा उघड लिलावाने व्हावा, चुकारा लगेच व्हावा.

मुंबईची बाजार समिती १९७७ ची. मुंबईतली कोंडी फोडण्यासाठी घाऊक बाजार खाडीपलीकडे न्यायचं ठरलं. कांदा-बटाटा आधी आला, फळं आणि भाजीपाला १९९६ मध्ये. तुर्भ्यात आवार, पण सगळे म्हणतात वाशी मार्केट.

पुढे याच कायद्याचा काच होऊ लागला. माल आवारातच विकायचा म्हटल्यावर गाळेवाल्याला गिऱ्हाईक आयतं. डिसेंबर २०१४ मध्ये पणन संचालकांनी शेतकऱ्याकडून आडत, म्हणजे आडत्याची दलाली, घेऊ नये असा आदेश काढला. व्यापाऱ्यांनी विरोध केला आणि आदेशाला स्थगिती मिळाली. जुलै २०१६ मध्ये सरकारने अध्यादेश काढून फळं आणि भाजीपाला नियमनातून मुक्त केला, आणि आवारातल्या व्यवहारात आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. बाजार काही दिवस बंद राहिला, मग सुरू झाला. केंद्राचे २०२० चे तीन कृषी कायदे आले आणि २०२१ मध्ये मागे घेतले गेले, पण महाराष्ट्रातल्या फळ-भाजीवाल्याला आवाराबाहेर विकण्याची मोकळीक त्याआधीपासूनच होती. या धामधुमीत ही गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात आली.

आडत खरं कोण भरतं

आडत आता खरेदीदार भरतो, असं कायदा म्हणतो. समजा आडत शेकडा दहा आहे आणि एका पाच डझनी पेटीसाठी खरेदीदार सगळं धरून २००० रुपये मोजायला तयार आहे. पूर्वी सौदा २००० ला व्हायचा, आडत २०० कापली जायची, बागायतदाराच्या पट्टीवर १८०० पडायचे. आता खरेदीदाराला भावावर दहा टक्के वर द्यायचे आहेत, म्हणून तो भावच १८१८ बोलतो. १८१८ अधिक १८२, झाले २०००. बागायतदाराला १८ रुपये जास्त मिळाले, तेही टक्केवारीचा पाया बदलला म्हणून.

बोजा कुणावर बसतो हे कुणाला थांबणं परवडतं त्यावर ठरतं, पावतीवर कुणाचं नाव आहे त्यावर ठरत नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला करभाराच्या प्रकरणात आम्ही हेच शिकवतो. पण वाशीत बसल्यावर त्याला एक पदर जास्त दिसतो. आंबा झाडावरून उतरवला की आठ-दहा दिवसांत पिकतो. तो परत झाडाला लावता येत नाही. एप्रिलच्या शेवटी आणि मे महिन्यात गाड्यांवर गाड्या लागतात, पाऊस यायच्या आत बाग रिकामी करायची घाई असते. अशा वेळी थांबणं खरेदीदाराला परवडतं, बागायतदाराला परवडत नाही. म्हणजे आडतीचा जवळजवळ सगळा भार बागायतदारावर. याच्या उलट पाडव्याच्या सुमारास पेट्या मोजक्या आणि खरेदीदार जास्त. तेव्हा आडत खरोखरच खरेदीदाराच्या खिशातून जाते. एकच नियम, एकच आवार, पण हंगामाच्या दोन टोकांना त्याचा परिणाम वेगळा. वार्षिक सरासरी काढली की हा फरक पुसून जातो, म्हणून मी पट्ट्या तारखेनुसारच लावते.

रुमालाखालचा भाव

पहाटे चारच्या सुमाराला गाळ्यावर पेट्या उघडायला सुरुवात होते. माथाडी कामगार गाडी खाली करतात. त्यांच्या मजुरीला १९६९ च्या माथाडी कायद्याचं संरक्षण आहे, आणि या आवारातलं नियमन कुठे खरंच रुजलं असेल तर ते इथे, असं माझं मत आहे. पेटीचं झाकण निघतं, पेंढा बाजूला होतो, वरच्या थरातली दोन-चार फळं हातात घेऊन खरेदीदार देठाशी वास घेतो. मग तो आणि आडत्या एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात. किती बोटं धरली, कशी दाबली यावर आकडा ठरतो. चेहऱ्यावर काही नाही. दुसरा खरेदीदार शेजारीच उभा असतो, त्याला पहिल्याचा भाव कळत नाही. एक मान हलते, हात सुटतो, पेटीवर खडूने खूण पडते.

उघड लिलावात शेवटची बोली सगळ्यांना ऐकू येते. रुमालाखाली ठरलेला भाव दोघांनाच माहीत असतो, आणि बाहेर येतो तो सांगितलेला भाव. बाजारभावाच्या तक्त्यात किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन आकडे रोज येतात. माझ्या क्षेत्रातले कितीतरी निबंध त्या तीन आकड्यांवर उभे आहेत. मी त्यांचा वापर टाळते, आणि पट्टीलाच प्रमाण मानते. पट्टीवर निदान बागायतदाराच्या हातात पडलेली रक्कम असते.

आडते रुमालाचं समर्थनही करतात, आणि ते मी नोंदवून ठेवलं आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक पेटी वेगळी असते, प्रत्येक खरेदीदाराची गरज वेगळी असते. उघड बोली लावली तर एका खराब पेटीचा भाव सगळ्या गाडीला लागतो. यात तथ्य आहे. पण रत्नागिरीत बसलेल्या माणसाला आपला आंबा कितीला गेला हे तपासायचा कोणताही मार्ग यात राहत नाही.

ठाण्याची वाट

आता मूळ गोष्ट. बागायतदार पन्नाशीचे. बाग वडिलोपार्जित, वाशीचा आडत्याही तसाच, म्हणजे वडिलांच्या काळापासूनचा. गाळ्यावर आता त्या घरची पुढची पिढी बसते. तिशीतला मालक बागायतदाराला काका म्हणतो, आणि काका त्याला शेठ.

काकांचा भाचा कळव्याला राहतो. ठाण्यात गावदेवी मैदानावर आंबा महोत्सव भरतो, बागायतदार स्वतः विकायला बसतात. भाच्याने आग्रह धरला आणि काकांनी तिथून सुरुवात केली. पुढे घोडबंदर रोडच्या तीन-चार सोसायट्यांमध्ये पेट्या पोचवल्या. डझनाचा भाव वाशीच्या पट्टीपेक्षा ठळकपणे जास्त आला.

जास्त का आला, याचं कारण नुसतं ‘मधला दलाल गेला’ एवढंच नाही. वाशीत कर्नाटकचा आंबाही येतो. दिसायला सारखा, भावाने स्वस्त, आणि पुढे किरकोळीत कितीतरी ठिकाणी तो हापूस म्हणूनच विकला जातो. गिऱ्हाइकाला कापून खाईपर्यंत फरक कळत नाही, म्हणून तो खऱ्या हापूसलाही पूर्ण भाव द्यायला कचरतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून हाच मुद्दा मांडला होता. माहिती एकाच बाजूला असेल तर चांगला मालच बाजारातून मागे हटतो. त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच दुखण्यावरचा उपाय म्हणून. ठाण्याच्या सोसायटीत काका स्वतः उभे होते, पेटीवर त्यांचं नाव होतं, आंबा खराब निघाला तर दुसऱ्या दिवशी फोन येणार होता. गिऱ्हाइकाने जे जास्त पैसे दिले ते या खात्रीचे होते.

खर्चाची बाजूही मोठी निघाली. भाच्याची रजा, टेम्पो, आढी लावायला भाड्याची खोली, पिकून फुटलेलं फळ. आणि सगळ्यात अवघड म्हणजे बारीक फळ. सोसायटीतल्या मंडळींना चार डझनी, पाच डझनीतलं मोठं फळ हवं असतं. सात-आठ डझनी पेटीतलं लहान फळ तिथे कुणी विचारत नाही. वाशीत मात्र मोठ्या फळापासून डागीपर्यंत सगळ्याला कोणी ना कोणी खरेदीदार असतो. पहाटे आलेली अख्खी गाडी सकाळी दहाच्या आत रिकामी करणारा दुसरा बाजार काकांना माहीत नाही, आणि मलाही नाही. वाशीवर टीका करणाऱ्यांनी ही सेवा हिशेबात धरायलाच हवी.

एवढं सगळं वजा जाता काकांच्या हातात थेट विक्रीतून पेटीमागे जास्तच पैसे उरले. भाच्याची मजुरी धरूनही. मग ते परत का गेले?

उचल

गणपती झाल्यावर काका वाशीला येतात. त्या वर्षीही आले. मी गाळ्यावर बसले होते.

“शेठ, यंदाही निम्मा माल ठाण्याला उतरवतो म्हणतो.”

“उतरवा की काका. चार पैसे जास्त मिळत असतील तर का नाही?” गाळेवाल्याने वही ओढली. “फक्त मग उचलही तेवढ्या मालाचीच लावतो.”

आवाज चढला नाही. चहा आला, दोघांनी घेतला. माझ्या अभ्यासाचं सगळं उत्तर त्या एका वाक्यात होतं.

हापूसची बाग पावसाळा संपायच्या आधीपासून पैसा मागते. मोहोर यावा म्हणून झाडाला कल्टार हे औषध घालायचं, मग मोहोराला तुडतुडे आणि फुलकिडे यांच्यासाठी फवारण्यांवर फवारण्या, राखणीला आणि काढणीला नेपाळी कामगार, त्यांचा महिन्याचा पगार, पेट्या, पेंढा, गाडीभाडं. उत्पन्न मात्र मार्च ते मे. मधल्या महिन्यांचा पैसा आडत्या देतो. त्याला उचल म्हणतात. तारण नाही, कागद नाही, व्याजाचा आकडा नाही. अट एकच, आणि तीही न बोललेली: माल माझ्या गाळ्यावर यायचा.

बँकेकडे का जात नाहीत, हा प्रश्न मला प्रत्येक चर्चासत्रात विचारला जातो. पीककर्ज सात टक्क्यांनी मिळतं हे काकांनाही माहीत आहे. पण त्यांच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या पिढीपासूनचे सामायिक खातेदार आहेत. काही मुंबईत, काही बडोद्याला, काही हयात नाहीत आणि वारसनोंद झालेली नाही. सगळ्यांच्या सह्या गोळा करायच्या म्हणजे दोन हंगाम जातात. कोकणातल्या जमिनीची ही गुंतागुंत बाजारभावाच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही, पण वाशीचा भाव ठरवण्यात तिचा हात आहे.

उचलीला व्याज नाही असं दोन्ही बाजू सांगतात. समजा एक लाखाची उचल ऑक्टोबरमध्ये घेतली आणि मेमध्ये फिटली. सात टक्क्यांनी सात महिन्यांचं बँकेचं व्याज होईल साधारण ४,१०० रुपये. आता समजा उचलवाल्या बागायतदाराला पेटीमागे ५० रुपये कमी लागले आणि त्याने २०० पेट्या घातल्या. गेले दहा हजार. वर्षाला सतरा टक्क्यांच्या घरात दर झाला. वसुली टप्प्याटप्प्याने होते, म्हणून खरा दर याहूनही वर जातो. पट्टीवर मात्र व्याजाची ओळच नसते. ते भावात मुरलेलं असतं, आणि भाव रुमालाखाली.

प्रणब बर्धन आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी १९८० च्या आसपास अशा जोडव्यवहारांवर बरंच लिहिलं. एकच माणूस कर्जही देतो आणि मालही घेतो, तेव्हा दोन्हींचे दर वेगवेगळे पाहून काहीच कळत नाही. ते एकत्रच वाचावे लागतात. आपला १९६३ चा कायदा विक्रीकडे पाहतो. २०१६ ची सुधारणाही विक्रीकडेच पाहते. उचल दोन्हींच्या नजरेबाहेर राहिली.

गाळेवाल्याची बाजूही सांगायला हवी, आणि ती कमकुवत नाही. त्याने आठ-दहा बागायतदारांना उचल वाटलेली असते. मोहोर गळाला, अवकाळी झाली, की त्यातले दोन-तीन त्या वर्षी फेडू शकत नाहीत. तो कोर्टात जात नाही, पुढच्या हंगामावर ढकलतो. त्याची वसुलीची हमी म्हणजे येणारा माल. माल निम्मा झाला की हमी निम्मी झाली, म्हणून उचलही निम्मी. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. ठाण्याला माल नेल्याबद्दल त्याने काकांना शिक्षा केलेली नाही. काकांच्या लेखी मात्र हिशेब असा झाला: थेट विक्रीतला जास्तीचा पैसा मेमध्ये मिळतो आणि फवारणीचा पैसा ऑक्टोबरमध्ये लागतो. मधली दरी भरायला दुसरं कुणी नाही.

त्या वर्षी बहुतेक सगळा माल वाशीला गेला. ठाण्याला फक्त ओळखीच्या सोसायट्यांपुरत्या पेट्या.

यातून मी काय धरते

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९७१ मध्ये मांडलं की नियमन ज्याच्यावर असतं तोच हळूहळू ते आपल्या सोयीने वळवून घेतो. डिसेंबर २०१४ मध्ये लागलेली स्थगिती त्या चौकटीत चपखल बसते. पण काकांच्या प्रकरणात नियम कुणी वळवलेला नाही. तो हवा तसा झाला, अमलातही आला, आणि तरी बागायतदार हलला नाही, कारण त्याला धरून ठेवणारी दोरी दुसरीकडे होती. म्हणून नियमन काढा म्हणणारे आणि नियमन कडक करा म्हणणारे दोघेही मला अपुरे वाटतात.

एका बागायतदारावरून सगळ्या कोकणाबद्दल बोलता येत नाही, हे मान्य. उचलवाल्यांना भाव कमी लागतो का, हे नीट तपासायचं तर एकाच दिवशी, एकाच गाळ्यावर, एकाच डझनीच्या पेट्यांची तुलना हवी: एका बाजूला उचल घेतलेले, दुसरीकडे न घेतलेले. त्यातही एक पेच आहे. उचल घेणारा बहुधा अडचणीतला असतो, त्याची फवारणी चुकलेली असते, फळच हलकं असतं. मग भाव उचलीमुळे पडला की फळामुळे, हे कसं सांगणार? यासाठी पेटी उघडताना फळाचा दर्जा कुणीतरी तिऱ्हाईताने लिहून ठेवायला हवा. ते काम सध्या माझ्या दोन विद्यार्थिनी करतात. आवारात त्यांना सगळे ताई म्हणतात आणि बसायला रिकामी पेटी देतात.

धोरणाच्या बाबतीत माझी मागणी लहान आहे. पट्टीवर उचलीची ओळ असावी: आजवर घेतलेली, आज वळती केलेली, बाकी. आणि त्याच दिवशी त्याच डझनीला त्या गाळ्यावर मिळालेला सर्वात जास्त भाव, एवढा एक आकडा. रुमाल राहू दे, पण त्याखाली ठरलेला आकडा हात सुटल्यावर कागदावर यावा. बागायतदाराच्या बाजूने वारसनोंदी आणि सामायिक खात्यांच्या वाटण्या यांची शिबिरं तालुक्याला लागावीत. ते काम महसूल खात्याचं आहे, पणन खात्याचं नाही, आणि म्हणूनच ते बाजारसुधारणेच्या कोणत्याही यादीत येत नाही.

काकांच्या गाळेवाल्याने उचलीची ओळ लिहायला होकार दिला आहे. दुसऱ्या आकड्याला नाही. “तो लिहिला तर प्रत्येक बागायतदार तोच भाव मागेल,” असं तो म्हणाला. काकांनी इकडे चुलत्यांच्या सह्या जमवायला घेतल्या आहेत. बडोद्याच्या दोन अजून बाकी आहेत.